कर्नलसाहेबांचा आठवा बोल्ट

प्लास्टिकचा गुलाबी टब, त्यावर पिवळ्या बदकाचं चित्र, आणि टबापुढे हात जोडून उभी असलेली चाळीस-पन्नास माणसं. श्रावण सरतानाची झाशीची उमस, अंगाला सदरे चिकटलेले, तरी लघाट्यांच्या व्हरांड्यात पाय ठेवायला जागा नव्हती. कुणीतरी टबाला हळदकुंकू वाहिलं होतं आणि ते नेमकं बदकाच्या चोचीवर बसलं होतं. आत निळसर हिरव्या पाण्यात आठ लांब बोल्ट पडले होते. सात तांबूस लाल, एक पांढरा.

"एकेक करून पुढे या. धक्का नको. चपला बाहेर," मधुसूदन टेंबे दारात उभे राहून सांगत होते. टेंबे म्हणजे आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. आवाज खर्जातला, त्यामुळे साधी नोटीस वाचली तरी स्तोत्र म्हटल्यासारखं वाटायचं. "डोळ्यांनी बघा. सकाळी लोखंड होतं, दुपारी तांबं झालं. बाप्पाच्या आगमनाला आठ दिवस उरलेत आणि धातू आपण होऊन शेंदरी रंगला. अहो, माणूस खोटं बोलेल. धातू साक्ष देतो तेव्हा खरीच देतो."

"खरं आहे भैया," गर्दीतून कुणीतरी म्हणालं आणि टबाला तिसऱ्यांदा नमस्कार केला.

या सगळ्यात टबाचे मालक, दिवाकर लघाटे, बनियन घालून एका कोपऱ्यात उभे होते. पुढची हकीकत ते स्वतःच सांगतात, मंडळात दरवर्षी सांगतात, आणि सांगताना स्वतःला तेवढं वगळत नाहीत. मी फक्त त्यांच्याच तिखटमिठासकट लिहून काढतो आहे.

तर दिवाकरराव म्हणजे कोण, हे आधी सांगायला हवं. विमा कंपनीत कारकुनी करून निवृत्त झालेले आणि निवृत्तीनंतर बुद्धिवादी झालेले. दोन पुस्तिका वाचून त्यांनी 'चमत्कार आणि आपण' नावाचा कार्यक्रम बसवला होता. दर गणेशोत्सवात तिसऱ्या दिवशी ते लिंबातून रक्त काढायचे, रिकाम्या मुठीतून राख काढायचे, नारळ पेटवायचे, आणि मग चष्मा पुसत म्हणायचे, "मंडळी, प्रत्येक गोष्टीला कारण असतं." लोक टाळ्या वाजवायचे, मुलं राख मागायची. सरलाबाई, म्हणजे त्यांची पत्नी, मागच्या रांगेत स्वेटर विणत बसायच्या. घरी लिंबं कमी पडली की ती कुठे गेली हे त्यांना बरोबर ठाऊक असायचं.

अशा माणसाच्या व्हरांड्यात, त्याच्याच हातून, त्याच्याच नातीच्या आंघोळीच्या टबात हा चमत्कार झाला होता.

आता कर्नलसाहेबांबद्दल. कर्नलसाहेब हा माणूस नव्हे, मंडळाचा ड्रम. छावणीतल्या कुठल्याशा पलटणीनं मोडीत काढलेला, पितळी अंगाचा, चांगलाच जड. मंडळ स्थापन झालं तेव्हा तो आणला गेला तो बोल्टांशिवाय. मग आठ संस्थापक घरांनी एकेक लोखंडी बोल्ट घडवून दिला आणि त्याच्या डोक्यावर आपल्या आडनावाचं पहिलं अक्षर ठोकून घेतलं. हे बोल्ट पितळेच्या आठ कानांतून जातात आणि चाबीनं आवळले की ड्रमचं पान, म्हणजे वरचं कातडं, ताणलं जातं. तेव्हापासूनची पद्धत अशी, की चतुर्थीच्या सकाळी आठही घरांतला कर्ता माणूस येतो आणि आपापला बोल्ट आवळतो. आठही बोल्ट आवळल्याशिवाय ड्रम वाजत नाही आणि ड्रम वाजल्याशिवाय मूर्ती बसत नाही. यात पहिल्या चाबीचा मान फिरता. एका घराकडे आठ वर्षांनी येतो.

यंदा मंडळाचं शंभरावं वर्ष आणि पहिली चाबी मोघ्यांची. मोघ्यांकडे आता झाशीत उरल्या होत्या फक्त जानकीकाकू, वय अठ्ठ्याहत्तर. बरुआसागरच्या शाळेत तीस वर्षं शिकवलेल्या, रोज बसनं जाऊन-येऊन. यजमान गोपाळराव तीन वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून मोघ्यांचा बोल्ट टेंबेच "तुमच्या वतीनं" आवळत होते. बाईनं, त्यातून विधवा बाईनं चाबी फिरवायची हे त्यांना पटत नव्हतं. पण तसं तोंडानं म्हणायची आता सोय नव्हती. काकूंनी मात्र या वर्षी निरोप पाठवला होता की पहिली चाबी मीच फिरवणार. पुढची पाळी येईल तेव्हा त्या शहाऐंशीच्या असणार होत्या.

कर्नलसाहेबांचं धातूकाम चकचकीत करायचं काम दिवाकररावांनी आपण होऊन अंगावर घेतलं. "यात शास्त्र आहे," ते म्हणाले होते. बडा बाजारातून लिंबाचं सत आणलं, मीठ घेतलं, टब घेतला. आधी बोल्ट पॉलिश पेपरनं घासले. सात बोल्टांवर शंभर वर्षांचा गंज होता, हात भरून आले. मोघ्यांच्या बोल्टावर मात्र नुसती धूळ. "बघ, घर कसं असावं," ते सरलाबाईंना म्हणाले. "काकूंनी बोल्ट किती जपलाय."

सरलाबाई म्हणाल्या, "बोल्ट काय घरी असतो होय? तो मंडळाच्या कपाटात असतो." दिवाकररावांनी हे ऐकलं नाही. ते शास्त्रात होते.

मग पितळेचे आठ कान सत-मिठाच्या पाण्यात टाकले. त्यांच्यावर हिरवा कळंक पापुद्र्यासारखा बसला होता, तो तासाभरात उतरला. कान सोन्यासारखे निघाले आणि पाण्याला निळसर हिरवी झाक आली. आता हे पाणी टाकून द्यायचं. पण झाशीचा माणूस पाणी टाकत नाही. आमच्याकडे भाजी धुतलेलं पाणी कुंडीत जातं, कपड्याचं पाणी अंगणात जातं. दोन दोन दिवस नळाची वाट बघितलेल्या माणसाचा हात टबभर पाणी ओतायला धजत नाही. दिवाकररावांनी त्याच पाण्यात आठही बोल्ट सोडले. अर्ध्या तासानं काढायचे ठरवून ते जेवले, जरा पाठ टेकली, आणि थेट चारला उठले.

बोल्ट लाल झालेले बघून ते टबाशेजारीच खाली बसले. नेमके तेव्हाच टेंबे काम कुठवर आलं ते बघायला आले. त्यांनी टबात डोकावून पाहिलं, मग दिवाकररावांकडे पाहिलं.

"लघाटेजी, हे कसं झालं?"

इथे तीन शब्द पुरे होते. 'मला माहीत नाही.' तिसरीतलं पोरही म्हणतं. पण सहा वर्षं 'चमत्कार आणि आपण' करणाऱ्याच्या तोंडून ते निघेनात. डोळ्यांत झोप, अंगात बनियन, आणि समोर अध्यक्ष. दिवाकररावांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "त्याचं असं आहे मधुभैया, धातूलाही एक आतली चेतना असते. विज्ञान आता कुठे तिथवर पोचतंय. काही स्पंदनं असतात."

"स्पंदनं," टेंबे म्हणाले. शब्द त्यांना फार आवडला. "आणि हा एक पांढरा राहिला तो?"

"त्याची स्पंदनं जुळली नसतील."

टेंब्यांनी वाकून बोल्टाच्या डोक्यावरचं अक्षर वाचलं. 'मो'. ते सरळ झाले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर एक समाधान होतं. ते दिवाकररावांना तेव्हाही दिसलं होतं, आणि दिसूनही ते गप्प बसले, हे ते आजही सांगतात.

तासाभरात व्हरांडा भरला. येईल त्याला टेंबे सांगत होते, "मी नाही म्हणत, लघाटे म्हणतात. देव न मानणारा माणूस, लिंबातून रक्त काढणारा. त्यानं कबूल केलंय की हे विज्ञानाच्या पलीकडचं आहे." आजवर बाबालोकांना मिळालं नाही असं प्रमाणपत्र या टबाला मिळालं होतं, तेही सहीशिक्क्यानिशी. लोक टबाला नमस्कार करून झाला की दिवाकररावांनाही करू लागले. एका बाईंनी तर वाकून पाय धरले. खरं सांगायचं तर पहिल्या दोन नमस्कारांना दिवाकरराव ओशाळले, तिसऱ्याला "असू दे, असू दे" म्हणाले, आणि सहाव्याला त्यांनी आत जाऊन सदरा घातला.

तेवढ्यात लोकांनी तीर्थ मागायला सुरुवात केली. बाटल्या, वाट्या, फुलपात्रं पुढे झाली. सरलाबाई स्वयंपाकघरातून आल्या, पदर खोचलेला. "त्यात कळंक उतरलाय. पोटात गेलं तर उलट्या होतील," त्या म्हणाल्या. कुणी ऐकेना. तेव्हा त्यांनी मोरीतली फिनेलची बाटली आणून झाकणभर टबात ओतलं. पाणी दुधासारखं पांढरं झालं. टेंब्यांनी दोन्ही हात वर केले, दुसरा चमत्कार जाहीर करायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात वास त्यांच्या नाकात गेला. गर्दी पांगली ती त्या वासानं. सरलाबाईंनी बोल्ट काढून धुतले आणि पाणी गटारात ओतलं. आयुष्यात पहिल्यांदा पाणी वाया घालवलं, असं त्या नंतर म्हणत.

पण व्हायचं ते झालं होतं. दुसऱ्या दिवशी मंडळाची बैठक बसली. टेंबे म्हणाले, आपण कुणाला दोष देत नाही, पण बाप्पानं सात घरं स्वीकारली आणि एका घरावर मौन धरलं. शताब्दीचं वर्ष आहे, विषाची परीक्षा नको. पहिली चाबी पुढच्या पाळीच्या घराला द्यावी आणि मोघ्यांचा बोल्ट यंदा कुणा दुसऱ्यानं आवळावा. पुढच्या पाळीचं घर टेंब्यांचं होतं. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी बोललं नाही. दिवाकरराव तिथेच होते. त्यांनी खुर्चीत नुसती बसायची बाजू बदलली.

संध्याकाळी ईशानी त्यांच्या दारात आली. जानकीकाकूंची नात, ग्वाल्हेरला नोकरी करते, खास शताब्दीसाठी सुट्टी काढून आलेली.

"आजोबा, मला मराठी समझतं, बोलायला तेवढी नाही येत. हिंदी में पूछूँ?"

"विचार ना बेटा."

"आपको पता है वो बोल्ट लाल कैसे हुए? या नहीं पता?"

दिवाकरराव म्हणाले, "त्याचं असं आहे, धातूमध्ये..."

"आजोबा, हाँ या ना?"

दिवाकररावांनी चष्मा पुसायला घेतला. ईशानी म्हणाली, "आजी काल से चुप है. जेवली पण नाही. चाबी जाती है तो जाए, म्हणते. लेकिन आपने बोला ना, मोघ्यांची स्पंदनं जुळत नाहीत, ते तिला लागलं. ती म्हणते, दिवाकर शिकलेला माणूस आहे, तो उगाच नाही बोलणार."

ती गेल्यावर दिवाकररावांनी दार लावून घेतलं. त्यांना स्वतःची लाज वाटली, साधी, कानशिलं तापवणारी लाज. इतकी वर्षं ते बाबालोकांना हसत आले होते. बाबा निदान दोन पैसे मिळवायला खोटं बोलतो. आपण कशासाठी बोललो, तर बनियनमध्ये अडाणी दिसू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहालाच ते कामाला लागले. नवं पाणी, नवं लिंबाचं सत, मीठ, आणि दाराचा एक जुना खिळा घासून आत. दोन तास ते टबासमोर स्टुलावर बसून होते, मांजर उंदराच्या बिळापुढे बसतं तसे. खिळा लाल होईना. काळपट होऊन पडला. पुन्हा केलं, सत दुप्पट घातलं. काही नाही. अकरा वाजले. म्हणजे खरंच की काय? त्यांची नजर कोनाड्यातल्या गणपतीकडे गेली आणि हात आपोआप जुळायला निघाले. अर्ध्या वाटेत ते सरलाबाईंनी पाहिले.

"काय झालं?"

"अगं, होत नाहीये. तेच पाणी, तेच सत, तेच मीठ. त्या दिवशी झालं, आज नाही होत. मग ते काय होतं?"

"तेच पाणी कसं?" सरलाबाई डाळ निवडत होत्या. "त्या दिवशी त्यात आधी ते हिरवे कान धुतले होतेत. आज काय धुतलंत?"

दिवाकररावांनी वाकून टबात पाहिलं.

"माझी सासू, म्हणजे तुमचीच आई, मला लग्न होऊन आल्यावर पहिली गोष्ट शिकवून गेली," सरलाबाई म्हणाल्या, "की चिंचेच्या पाण्यात पितळ घासलं की त्यात विळी बुडवायची नाही. पातं तांबडं होतं. चाळीस वर्षं मी दोन बादल्या घेते. तुम्हाला कधी दिसलं नाही, कारण तुम्ही शास्त्रात असता."

दिवाकररावांनी देवघरातली जुनी समई आणली. तिच्या खाचांत हिरवं साचलेलं होतंच. ती पाण्यात बुडवली. हिरवं उतरलं, पाण्याला झाक आली, समई निघाली, खिळा गेला. वीस मिनिटांत खिळा तांबूस. त्यांनी तो नखानं खरवडला, तर लाल थर कागदासारखा पातळ आणि खाली आपलं तेच लोखंड.

मग त्यांनी कपाटातून आपली जुनी पुस्तिका काढली. पान एकतीस. 'लोखंडाचं तांबं करणारा बाबा.' बाबा मोरचुदाच्या पाण्यात खिळा बुडवतो, पाण्यात विरघळलेलं तांबं लोखंडावर बसतं, वगैरे वगैरे, चित्रासकट. समासात त्यांच्याच अक्षरात पेन्सिलनं लिहिलं होतं, 'वाचले.' मोरचूद मिळालं नाही म्हणून तेवढा एक प्रयोग त्यांनी कार्यक्रमातून गाळला होता.

उरला आठवा बोल्ट. आता त्यांना सरलाबाईंचं म्हणणं आठवलं. बोल्ट मंडळाच्या कपाटात असतात, मग एकच कसा गंजला नाही? त्यांनी फ्रिजवरचं ओरछ्याहून आणलेलं चुंबक काढलं. सातही बोल्टांना ते टपकन चिकटलं. आठव्यावरून घरंगळून खाली पडलं. स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या चमच्यावरूनही तसंच पडलं. चमचा त्यांनी हिरव्या पाण्यात अर्धा तास ठेवला. पांढरा तो पांढराच राहिला.

संध्याकाळी ते जानकीकाकूंकडे गेले. काकू खिडकीशी बसल्या होत्या. दिवाकररावांनी बोल्ट त्यांच्या हातात दिला.

"काकू, हा लोखंडाचा नाही. स्टीलचा आहे."

काकूंनी बोल्ट मुठीत धरला. मग म्हणाल्या, "अठ्ठ्याण्णव साली विसर्जनाला ह्यांच्या हातून तलावात पडला. तीन दिवस हे चिखलात उतरून शोधत होते. शेवटी बिजौलीत एका लेथवाल्याकडून हा करून घेतला, अक्षर ठोकून घेतलं, आणि गुपचूप लावला. सांगायचं धाडस झालं नाही. पाऊणशे वर्षांची वस्तू मोघ्यांनी हरवली असं झालं असतं. दर वर्षी चाबी फिरवताना ह्यांचा हात थरथरायचा. लोक म्हणायचे, केवढी भक्ती."

"मग चाबी काढून घेतली तेव्हा तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलू? तू म्हणालास स्पंदनं नाहीत. मला वाटलं, देवाला कळलं. हे गेल्यावर तरी त्यानं सोडायला हवं होतं, पण कळलं." काकूंचे डोळे भरून आले होते. "दोन दिवस मी ह्यांच्या फोटोकडे बघू शकले नाही, दिवाकर."

दिवाकरराव त्यांच्यासमोर खाली बसले. "देवाला नाही कळलं काकू. लिंबाच्या सताला कळलं. आणि मला काहीच कळलं नव्हतं. मी झोपेतून उठून तोंडाला येईल ते बोललो. ते उद्या सगळ्यांसमोर सांगणार आहे. तुमच्या बोल्टाचं मात्र तुम्ही म्हणाल तसं. नको म्हणालात तर नाही काढणार."

काकूंनी पदरानं डोळे पुसले. बाईंचा शाळेतला आवाज परत आला. "तू तुझं सांग. माझं मी सांगेन."

दुसऱ्या दिवशी दुपारी मंडळाच्या सभागृहात गुलाबी टब टेबलावर ठेवला होता. बदकाच्या चोचीवरचं कुंकू तसंच होतं. दिवाकरराव उभे राहिले, सवयीनं चष्मा पुसायला घेतला आणि पुसता पुसता थांबले.

"मंडळी, बोल्ट लाल कसे झाले ते त्या दिवशी मला माहीत नव्हतं. चेतना आणि स्पंदनं हे मी बनवलं. माहीत नाही म्हणायची लाज वाटली म्हणून."

मागच्या रांगेत सरलाबाईंच्या सुया थांबल्या.

मग त्यांनी सगळं करून दाखवलं. साध्या आंबट पाण्यात खिळा, काही नाही. त्याच पाण्यात हिरवी समई धुतली आणि खिळा घातला, लाल. "पितळेत तांबं असतं. कळंक म्हणजे त्याचाच गंज, तो आंबट पाण्यात विरघळतो. लोखंड आत टाकलं की थोडं लोखंड पाण्यात उतरतं आणि त्याच्या जागी तांबं येऊन बसतं. नुसती साल बसते. नखानं निघते, हे बघा." लाल बोल्ट हातोहात फिरले. लोकांनी नखं लावून पाहिली. टेंब्यांनी 'टें' अक्षराचा बोल्ट नखानं नव्हे, किल्लीनं खरवडला.

"ठीक आहे," ते म्हणाले. "मग आठवा का नाही झाला?"

जानकीकाकू उठल्या. काठी बाजूला ठेवली आणि अठ्ठ्याण्णव सालापासून सगळं सांगितलं. तलाव, चिखल, बिजौली. आवाज एकदाही चिरकला नाही. "तो बोल्ट स्टीलचा आहे. मोघ्यांनी तुमचा बोल्ट हरवला आणि पंचवीस वर्षांवर लपवला. चूक झाली. क्षमा मागते."

कुणाला काय बोलावं कळेना. टेंब्यांना कळलं. त्यांनी दोन्ही हात पसरले आणि खर्ज लावला. "ऐकलंत? मी काय म्हणत होतो? बाप्पानं खोटा बोल्ट ओळखला. सात खरे स्वीकारले, एक खोटा नाकारला. ज्याला शास्त्र म्हणता, ते त्याचंच काम करतं."

लोकांच्या माना हलू लागल्या. दिवाकररावांना दिसलं, सगळं परत तिथेच चाललंय. त्यांनी नैवेद्याच्या ताटातला चमचा उचलला. "मधुभैया, हा कुणाचा?"

"मंडळाचा. बाप्पाचा. गेली वीस वर्षं याच्याशिवाय नैवेद्य दाखवलेला नाही."

"आणि तुमची डाव्या पायाची चप्पल जरा द्याल?"

टेंब्यांची चप्पल सांधलेली होती, टाचेला मोचीनं ठोकलेला खिळा बाहेर आला होता. दिवाकररावांनी पकडीनं तो उपटला, पुसला आणि चमच्याबरोबर पाण्यात सोडला. मग सगळ्यांना बसायला सांगितलं. वीस मिनिटं कुणी जागचं हललं नाही. टेंबे एक पाय उचलून उभे होते, कारण फरशी ओली होती.

वीस मिनिटांनी दिवाकररावांनी दोन्ही वस्तू रुमालावर ठेवल्या. चमचा पांढरा. खिळा लाल.

"आता सांगा," ते म्हणाले. "बाप्पानं स्वतःचा चमचा नाकारला आणि तुमच्या चपलेचा खिळा स्वीकारला का?"

आधी ईशानी हसली, मग मागची रांग, मग सगळं सभागृह. टेंब्यांनी एका पायावर उभं राहून खिळ्याकडे पाहिलं, चमच्याकडे पाहिलं, आणि अखेर तेही खाली बघून हसले. "चप्पल द्या इकडे," ते म्हणाले. थोड्या वेळानं, खर्ज न लावता, म्हणाले, "पाळी मोघ्यांचीच आहे."

चतुर्थीच्या सकाळी कर्नलसाहेब चौरंगावर होते, कान सोन्यासारखे, बोल्ट आठही पांढरे. दिवाकररावांनी सातांवरचं तांबं पुन्हा घासून काढलं होतं, आणि तो सगळा दिवस सरलाबाईंनी त्यांना दोन वेगळ्या बादल्या दिल्या होत्या. काकूंनी चाबी हातात घेतली, बिजौलीच्या बोल्टाला लावली आणि फिरवली. त्यांचा हात जराही थरथरला नाही. मग इतर सात घरांनी आपापले बोल्ट आवळले, पानावर पहिली काठी पडली आणि मूर्ती बसली.

'चमत्कार आणि आपण' अजून होतो. लिंबातून रक्त निघतं, नारळ पेटतो, मुलं राख मागतात. पण सुरुवातीला दिवाकरराव आता एक लाल खिळा दाखवतात आणि आपली फजिती पहिल्यापासून सांगतात, बनियनसकट. शेवटी म्हणतात, "मंडळी, पुढे कुणी तुम्हाला अद्भुत काही दाखवलं, तर हात जोडायच्या आधी एवढंच विचारा, की या पाण्यात आधी काय धुतलं होतं? उत्तर येत नसेल तर माहीत नाही म्हणा, आणि शोधा. मी तसं म्हणालो नाही, म्हणून एका म्हातारीला दोन दिवस आपल्या नवऱ्याच्या फोटोकडे बघता आलं नाही."

पहिल्या रांगेत जानकीकाकू बसलेल्या असतात. त्या मान हलवतात आणि म्हणतात, "बस आता, दिवाकर. नारळ पेटव."